पाऊण बादली

शारजातल्या फ्लॅटची चावी परत केली पंधरा जुलैला.
हिशेबाचे पैसे यायचे होते अजून,
विमानाचं तिकीट त्यांच्यावर अडलेलं.
तेव्हा हौसेनं घेतलेली ही जुनी गाडी,
पोटात बिछाना, ओटा, मोरी असलेली,
उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी
एका गॅरेजच्या मागं लावली.
वायर त्यांची, बिल आमचं.

घर कसलं, डबा.
दाराची मूठ फडक्यानं धरावी लागे,
चुलीवरून उतरवायच्या पातेल्यासारखी.
श्रीरंगनं काचांना चंदेरी कागद डकवला,
म्हणाला, लांब बाजू पश्चिमेला नको.
वास्तुशास्त्राला आयुष्यभर हसलेला माणूस
दिवसातून तीनदा
घराचं तोंड फिरवू लागला.

मी अकोल्याची. मला ऊन शिकवू नका.
सत्तेचाळीस डिग्रीत वाळ्याचे पडदे भिजवून
दुपारभर अंधारात पत्ते खेळलेली मी.
जुनी चादर पिळून खिडकीला टांगली,
पुढं पंखा.
संध्याकाळी चादर तितकीच ओली,
आम्ही तिच्याहून ओले,
आणि उशीला भिजल्या गोणपाटाचा वास.

तिसऱ्या दिवशी दाऊद परकार आला,
खेडचा,
खांद्यावर गॅसची टाकी, गळ्यात गेज.
चादर बघून हसला.
"भाभी, हे तुमच्याकडं चालतं.
इथली हवा आधीच पोटभर पाणी पिऊन बसलीय,
तिला आणखी काय पाजताय?
साठ किलोमीटर आत वाळवंटात जा,
तुमचं अकोला लागेल.
इथं माझं कोकण आहे,
फक्त झाडं काढून घेतलेलं."

गुडघ्यांखाली पुठ्ठा घेऊन छतावर चढला.
कॉइलमधून काढली मूठभर वाळू,
मिठाचा राप, कबुतराचं एक पीस.
खालून मी पाण्याची बाटली वर दिली,
ती त्यानं आधी डोक्यावर ओतली.
मग पांढरं कापड ताणलं
पत्र्यापासून हातभर उंच.
"मधून वारा जाऊ दे.
ऊन कापडाला लागू दे, तुम्हाला नको."

साडेतीनला गार हवा आली,
आधी जरा धुळीचा वास,
मग काहीच नाही, नुसता गारवा.
श्रीरंगनं चष्मा काढला.
दाऊद म्हणाला, पाच मिनिटं बघतो चालतंय का,
आणि मधल्या तीन फूट जमिनीवर पाठ टेकली.
हातात पाना तसाच.
तो घोरायला लागला तेव्हा
आम्ही पाय वर घेऊन बिछान्यावर बसलो,
एकमेकांकडं न बघता.

त्याच्या खोलीतला एसी मार्चपासून बंद.
नंतर कळलं हे.
आठ जण झोपतात तिथं.
मालक म्हणतो, तूच मेकॅनिक, तूच कर,
आणि पार्टचे पैसे देत नाही.

फोन वाजला. 'शमीम घर'.
श्रीरंगनं तो उशीखाली दाबला.
मी चहा ठेवला नाही,
शेगडीनं खोली तापली असती.
ताक घुसळलं, चमच्यानं,
आवाज न करता.

पाचला उठला, ओशाळला,
ताक उभ्यानंच प्याला.
निघता निघता आठवलं म्हणून
गळतीच्या नळीखाली
आमची लाल बादली सरकवून गेला.

रात्रभर टप, टप.
सकाळी पाऊण बादली पाणी.
सगळं हवेतलं, बेचव, स्वच्छ.
कढीलिंबाच्या कुंडीला घातलं थोडं,
पायांवर घेतलं थोडं.

अकोल्यात आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी.
आई ड्रम भरते
आणि दारामागं खडूनं तारीख लिहिते.
तिला फोनवर सांगितलं,
इथं यंत्रातून पाणी पडतं गं,
रोज, फुकट, नुसतं ठिबकत राहतं.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"फेकू नको वं."